बोटीचं नाक

जगातली सगळी मोठी साम्राज्यं एकाच कारणानं बुडाली. मागचा भार वाढत गेला, पुढचं नाक वर चढत गेलं, आणि समोर काय आहे ते दिसेनासं झालं.

हा सिद्धांत वलगावच्या अब्दुल सत्तार मिस्त्रींचा. तो त्यांनी उकिडवं बसून, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात चहाची बशी धरून मांडला. साम्राज्यांचं तेवढं मी माझ्या पदरचं घातलं आहे. सत्तारभाई फक्त खुशालरावांच्या बोटीबद्दल बोलत होते, आणि ती बोट त्या वेळी गोठ्यात दोन म्हशींच्या मधे उभी होती.

वलगावात बोट कशाला, असं कोणीही विचारेल. आमची पेढी नदी उन्हाळ्यात एवढी उरते की तिच्यात बोट सोडली तर नदीलाच बोटीत बसवावं लागेल. पण ही बोट वलगावची नव्हती. मोर्शीकडच्या मोठ्या धरणावर कोण्या एका कंपनीनं पर्यटकांना फिरवायला ती आणली होती. दोन उन्हाळ्यांत कंपनी बुडाली, बोट तेवढी तरंगत राहिली. खुशालरावांनी ती लिलावात उचलली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर घालून घरी आणली. गल्लीतल्या बायका नवी सून बघायला याव्यात तशा येऊन गेल्या. एकीनं तिच्या पोटाखाली हात लावून पाहिला आणि फायबर आहे म्हणून नाक मुरडलं.

खुशालराव माझ्या शाळेतले. मी पुढे अकोल्याला स्थायिक झालो, ते वलगावच्या काळ्या मातीत. माणूस हौशी नाही. आयुष्यात त्यांनी चैन म्हणून केलेली एकमेव गोष्ट म्हणजे रेडिओला चामड्याचं कव्हर शिवून घेतलं. बोट घेतली ती दुर्गाबाईंसाठी.

दुर्गाबाईंचं माहेर आवळखेडा. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. गावाला सरकारनं दुसरीकडे जागा दिली, आखीव रस्ते दिले, आणि घरांना नंबर दिले. दुर्गाबाई एकदाच तिकडे जाऊन आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "प्लॉट नंबर एकेचाळीसले कोनी माहेर म्हन्ते का?" पुढे त्यांचा एक भाऊ सुरतेला गेला, एक पुण्याकडे कोणत्याशा कारखान्याच्या फाटकावर बसला, आणि एकेचाळीस नंबरला कुलूप लागलं. बाईमाणूस माहेरी रोज जातं असं नाही. जाता येण्यासारखं असावं लागतं, एवढंच.

धरणाच्या भिंतीवर उभं राहून पाणी त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. पण त्या पाण्यात आपलं गाव नेमकं कुठे, हे कोणालाच सांगता येईना. पाण्याला शेतासारखे बांध नसतात. दुर्गाबाईंकडे मात्र एक खूण होती. लहानपणी अंगणातल्या विहिरीवर पाणी ओढताना समोर सातपुड्याचे दोन डोंगर दिसत, आणि त्यांच्या मधल्या खाचेत तिसऱ्या, लांबच्या डोंगराचा शेंडा बरोबर मधोमध बसे. बैलाच्या दोन शिंगांमधून पाहावं तसा. चार पावलं इकडे-तिकडे झालं की शेंडा एका शिंगाआड जाई. म्हणजे पाण्यावरून जाता जाता डोंगराकडे पाहत राहिलं आणि शेंडा मधोमध आला की खाली आवळखेडा. इतकं सोपं होतं.

भोयांच्या डोंग्यातून जावं तर तळाशी मांडी घालून बसावं लागतं आणि दुर्गाबाईंचे गुडघे वाकत नव्हते. या बोटीत पुढे एक खुर्ची होती. ती खुर्ची पाहूनच खुशालरावांनी बोट घेतली.

पहिल्या खेपेला काय झालं ते थोडक्यात सांगतो. दुर्गाबाई नवं लुगडं नेसून पुढे बसल्या. खुशालरावांनी इंजिनाला गॅस दिला. कंपनीनं जुनं हलकं इंजिन काढून तिथे चाळीस घोड्यांचं धूड बसवलं होतं. त्या धुडानं मागचं बूड पाण्यात दाबलं आणि पुढचं नाक उठलं ते उठलंच. दुर्गाबाईंसमोर डोंगर नाही, पाणी नाही, बोटीचं पांढरं नाक आणि वर आभाळ. हळू न्यावी तर इंजिन कमी गॅसवर खोकून बंद पडे. थांबलं की नाक खाली येई, पण तोवर आपण कुठून कुठे आलो याचा पत्ता नसे. दीड तास खुशालरावांनी त्यांना असं फिरवलं. घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, काय पाहून आल्या? दुर्गाबाई पाय धूत म्हणाल्या, "आभाळ."

नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. खुशालरावांना तेच लागलं. आठ दिवसांनी त्यांनी पुन्हा चला म्हटलं तेव्हा दुर्गाबाईंनी तांदूळ निवडता निवडता सांगितलं, एक डाव येतो, मंग नाई. दुर्गाबाईंचा नाई म्हणजे नाई असतो, हे आम्ही सगळेच जाणून आहोत. म्हणजे आता एकच खेप होती.

म्हणून सत्तारभाई. ते मोटारपंप आणि ट्रॅक्टरचे मिस्त्री. बोट त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, पण बंडी पाहिली होती. गोठ्यात बोटीभोवती एक चक्कर मारून ते म्हणाले, "खुशालभाऊ, बंडी उलाळ हाय तुमची." मागे भार जास्त झाला की बंडीचं जू वर उचलतं, त्याला आमच्याकडे उलाळ म्हणतात. बंडीचा उपाय खुशालरावांनी करून पाहिला होता. पुढे दगड भरले होते. नाक खाली आलं, पण बोट म्हशीसारखी पाण्यात बसली ती उठेचना.

माझा प्रवेश इथे होतो, आणि तो इंग्रजी वाचता येतं एवढ्या भांडवलावर. अकोल्याच्या सायबर कॅफेत बसून मी या रोगाचं औषध शोधलं आणि कागदांवर छापून आणलं. औषधाचं नाव ट्रिम टॅब. बोटीच्या मागच्या फळीला, अगदी खालच्या काठाशी, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना दोन पत्र्याच्या पाट्या बिजागरीनं लावायच्या आणि त्या थोड्या खाली झुकवायच्या. बस. कागदांवर चित्रंही होती. काळे चष्मे लावलेली माणसं एका सरळ नाकाच्या बोटीतून चालली होती. त्यांना कुठे काही पाहायचं असेल असं चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

खुशालरावांना हे पटेना. त्यांनी चाळीस वर्षं वखर हाणला होता. पात खाली झुकवली की वखर जमिनीत शिरतो, हे त्यांना ठाऊक. पाटी खाली झुकवली तर बूड आणखी खाली जाईल, वर कसं येईल? सत्तारभाईंनी वाद घातला नाही. गवंड्याची थापी घेतली आणि म्हशींच्या हौदातल्या पाण्यातून तिरपी धरून जोरानं ओढली. थापी हातासकट वर आली. मग थापी खुशालरावांच्या हातात दिली. पाणी पाटीला वर ढकलतं, पाटी बुडाला वर उचलते, आणि बूड वर आलं की नाक आपोआप खाली. खुशालराव बराच वेळ हौदात थापी ओढत राहिले. म्हशी पाणी प्यायच्या थांबल्या.

आता कोणत्या पाट्या घ्यायच्या? कागदांवर एक प्रकार बटणाचा होता, बटण दाबलं की विजेनं वर-खाली होणारा. सत्तारभाई म्हणाले, पाण्यात वायर म्हंजे जिवाले घोर. दुसरा तेलाच्या दाबावर चालणारा, ट्रॅक्टरच्या लिफ्टसारखा. तो त्यांना मनापासून आवडला, पण तेल कधी ना कधी गळणार, ते धरणात जाणार, आणि भोई आपल्याला जाळ्यात घालून बुडवणार. शिवाय दोन्ही मागवायचे तर मुंबईहून, आणि तिथल्या दुकानदाराला फोनवर वलगाव कुठे आहे हे समजावताना माझा अर्धा तास गेला होता. त्याला आधी वाटलं मी थट्टा करतोय. तिसरा प्रकार कागदावर नव्हता. तो सत्तारभाईंच्या डोक्यात होता. ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडताना वर एक आट्यांचा दांडा असतो, टॉप लिंक. तो फिरवला की लांब-आखूड होतो आणि अवजाराचा कल बदलतो. तसेच दोन छोटे दांडे करून पाट्यांवर लावायचे. कल पाहिजे तेवढा, पाण्यानं फिरत नाही, वायर नाही, तेल नाही. ठरलं.

मापाचा नियम मी वाचून दाखवला: बोटीच्या दर फुटामागे पाटीची रुंदी एक इंच. बोट चौदा फूट, म्हणून चौदा इंच. इंजिनाच्या पंख्यापासून लांब ठेवायच्या, कडेलाही थोडी जागा सोडायची. चौदा इंचांच्या पाट्या कशाबशा बसत होत्या. मी म्हटलं बारा करू. सत्तारभाई म्हणाले, "मास्तर, कापलेलं कमी करता येते. जास्ती करता येत नाई." मी मास्तर कधीच नव्हतो, पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते त्याच नावानं हाक मारतात. अकोल्याच्या एका भंगारवाल्याकडे दूधडेअरीची जुनी स्टीलची टाकी मिळाली. तिच्यातून दोन पाट्या निघाल्या. गंजायचा प्रश्न मिटला.

भोकं पाडायचा दिवस मोठा कठीण गेला. सत्तारभाईंनी ड्रिल मशीन हातात घेतलं, खाली ठेवलं, तोंड धुतलं, पुन्हा घेतलं. आयुष्यभर गळती बंद करण्याची भाकरी खाल्लेल्या माणसाला धडधाकट नावेच्या बुडाला सोळा भोकं पाडायची होती. दुर्गाबाई दारातून पाहत होत्या. एवढ्या दुरून आनली आन आता भोकं पाडून राहिले, असं त्या म्हशीला उद्देशून म्हणाल्या. भोकांत सीलंट भरलं, बोल्ट कसले, पाट्या बसल्या.

आता गळते का ते कसं पाहायचं? खुशालरावांच्या मते त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. माठ कसा पाहतात? आत पाणी भरून. आमची अख्खी अक्कल त्या दिवशी त्यांच्यामागे गेली. आम्ही बोट अंगणात ओढली आणि मागच्या बाजूला टँकरनं पाणी भरलं. त्या वर्षी वलगावात नळ चार दिवसांआड येत होता. बोटीत पाणी आहे ही बातमी दहा मिनिटांत पसरली. बायका हंडे घेऊन आल्या आणि ओळीत उभ्या राहिल्या. एक थेंब गळला नाही, आणि संध्याकाळपर्यंत एक थेंब उरलाही नाही. धरणाचं पाणी कापायला आलेली ती बोट पाणी वाटून मोकळी झाली.

मग चाचणी. बोट ट्रॉलीवर चढवून आम्ही मोर्शीच्या रस्त्याला लागलो. त्या वर्षांत आमच्याकडे पाहुणे दोनच प्रकारचे येत, कोणाच्या मातीला किंवा अभ्यासाला. त्या दिवशी अभ्यासाचे भेटले. दिल्लीच्या तीन पांढऱ्या गाड्या थांबल्या, त्यांतले साहेब उतरले आणि कोरडवाहू भागात बोट कशासाठी असं त्यांनी विचारलं. खुशालराव म्हणाले, बायकोले माहेरी न्याचं हाय. मी इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि ते महिला सक्षमीकरणाच्या रकान्यात लिहून घेतलं. त्या गाड्या पुढच्या गावात गेल्या. तिथे आदल्या दिवशी माती झाली होती.

चाचणीत एक अडचण होती. दुर्गाबाईंची खेप एकच, ती चाचणीत खर्च करायची नव्हती. म्हणून खुर्चीवर त्यांच्याऐवजी तुरीचं पोतं बसवायचं ठरलं, त्यांच्या वजनाचं. पण वजन किती? ते बाईला विचारण्याची आमच्याकडे रीत नाही. नवऱ्यानं तर नाहीच. सत्तारभाईंनी आभाळाकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. खुशालराव थोडं लाजून म्हणाले, पंचाहत्तर धरा. पंचाहत्तर किलोचं पोतं दोरीनं खुर्चीला बांधलं. सत्तारभाई त्याला वहिनी म्हणत आणि वळण घेताना, वहिनी सांभाळा, अशी सूचना देत. एक आटा, दोन आटे, अडीच आटे. अडीचवर नाक असं खाली आलं की पोत्याच्या डोक्यावरून डोंगराची पूर्ण रांग दिसली. सत्तारभाईंनी दांड्यांचे नट कसले आणि त्यांवर लाल रंगाची खूण केली.

आणि मग तो दिवस आला. चैत्र संपत आला होता, सकाळचे आठ, वारा नव्हता. दुर्गाबाई काठावर उभ्या होत्या. बोट गुडघाभर पाण्यात, आणि त्यांना आत चढवायचं होतं. त्यासाठी खुशालरावांनी एक लाकडी पायरी करून आणली होती, शिवाय एका बाजूनं ते आणि दुसऱ्या बाजूनं मी, असं ठरलं होतं. पायरी चिखलात तिरपी बसली. तेव्हा खुशालरावांनी दुर्गाबाईंना दोन्ही हातांनी उचललं. त्यांनी पाय रोवले होते, श्वास कोंडला होता, एवढी तयारी. आणि दुर्गाबाई अशा सहज वर आल्या की खुशालराव क्षणभर तसेच उभे राहिले. माझे पुढे केलेले हात तसेच राहिले. मग त्यांनी बायकोला खुर्चीवर बसवलं, लुगड्याचा काठ पाण्यात पडला होता तो उचलून ठेवला, आणि येऊन चाकाशी बसले.

इंजिन सुरू झालं. गॅस दिला. बोटीनं वेग घेतला आणि तिचं नाक उठलं.

पहिल्या खेपेएवढं नाही, पण पुरेसं. डोंगर गेले. दुर्गाबाई हनुवटी वर करून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मागे वळून पाहिलं नाही, तक्रार नाही. त्यांच्यासमोर पांढरं नाक आणि आभाळ. मला वाटलं त्या आता कधीही नाई म्हणतील. खुशालराव चाक धरून समोर त्यांच्या पाठीकडे बघत होते आणि बोट नेतच होते. शेवटी सत्तारभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बंद करा, भाऊ."

इंजिन बंद झाल्यावर पाण्यावर इतकी शांतता झाली की लांबच्या काठावरच्या शेळ्या ऐकू आल्या. सत्तारभाई मागच्या फळीवर पालथे पडले, खुशालरावांनी त्यांचे पाय धरले. लाल खुणा जागेवर होत्या. नट जागेवर होते.

"पाट्या बराबर हायत," सत्तारभाई खालून म्हणाले. "भाऊ, पोतं किती किलोचं धरलं होतं आपन?"

"पंचाहत्तर."

"हे पंचाहत्तर केव्हाचे?"

खुशालराव विचार करू लागले. "अंकुरच्या लग्नातले," ते म्हणाले. अंकुर त्यांचा मुलगा. "तवा दालमिलच्या पोत्याईच्या काट्यावर सगळ्याईनं उभं राहून पायलं होतं."

"अन् अंकुरच्या लग्नाले किती वर्सं झाले?"

खुशालराव बोटं मोजू लागले. दहा फुटांवरून, मागे न वळता, दुर्गाबाई म्हणाल्या, "नऊ."

सत्तारभाईंनी पाना घेतला. एका बाजूला एक आटा, दुसऱ्या बाजूला एक आटा. मग माझ्याकडे पाहिलं, मी खुर्चीकडे पाहिलं, आणि त्यांनी दोन्हीकडे आणखी अर्धा अर्धा दिला. खुशालराव त्यांचे पाय धरून होते. मिस्त्री पाण्यात पडेल अशी भीती नव्हती. पण त्यांनी फार घट्ट धरले होते.

पुन्हा इंजिन. पुन्हा गॅस. नाक उठू लागलं, थोडं अडखळलं, आणि मग एखादं जनावर पाण्याला तोंड लावायला मान खाली घालतं तसं ते खाली येत गेलं. आधी डोंगराचे माथे आले. मग कडे. मग पायथा, आणि मग पाणी, थेट खुर्चीपासून सातपुड्यापर्यंत.

दुर्गाबाईंनी पदर डोक्यावर नीट घेतला. सासरहून येताना गावाची शीव आली की बाया घेतात तसा. मग उजवा हात वर केला. हात थोडा डावीकडे झुकला, खुशालरावांनी चाक डावीकडे घेतलं. हात उजवीकडे, बोट उजवीकडे. आयुष्यभर ज्यांनी एकमेकांना धड रस्ता सांगितला नाही, ते दोघं असे दहा मिनिटं चालले होते. दोन डोंगर जवळ सरकत होते, मधली खाच उघडत होती. तिच्यात एका बाजूनं निळसर शेंडा आला. सरकत सरकत मधोमध आला. हात खाली आला.

इंजिन थांबलं. पाणी चहूकडे होतं तसंच इथेही होतं. थोडं मातकट, वर एक वाळकं पान. मी इतका वेळ काय दिसेल असं धरून बसलो होतो कोणास ठाऊक.

दुर्गाबाईंनी पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. ते पाहून आम्हीही आपापल्या काढल्या.

"हेच का?" खुशालरावांनी विचारलं.

"हे आंगन. विहीर तिकडे, त्या लाटेपाशी."

लाट पुढे निघून गेली. विहीर तिथेच राहिली असावी. मग दुर्गाबाईंनी बोटानं पाण्यावर एकेक घर दाखवलं. हे काकाचं. हे तानुबाईचं, तिच्या दारात शेवग्याचं झाड. अन् इथून वाट जाते, पान्याची. मधे कोणाचं तरी घर त्यांना आठवेना, तेव्हा त्या थांबल्या, मनात गल्लीच्या तोंडापासून पुन्हा चालत आल्या आणि ते घर त्यांना सापडलं. आम्ही तिघं पुरुष त्या बोटामागे माना फिरवत होतो. खुशालराव या गावात नवरदेव होऊन आले होते; तेही असे पाहत होते जसे पहिल्यांदाच येताहेत. एकदा त्यांनी मांडव कुठे होता म्हणून विचारलं. दुर्गाबाई म्हणाल्या, "तुमी बसले हाय तिथंच."

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन चढलं. सूर्य पाण्यात उतरून डोळ्यांवर यायला लागला. दुर्गाबाईंनी ओंजळभर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि हात पदराला पुसून टाकला.

सत्तारभाईंनी तोवर मागे वाकून पाट्या एकदा हातानं चाचपून घेतल्या होत्या. समाधानानं त्यांनी पाना फडक्यात गुंडाळला. म्हणाले, वहिनी, आता फिकीर नाई. चार आटे तुमच्या नावाचे पक्के. तुमी तिथं बसल्या की बोट सुतात. परत जातानी पेल्यातलं पानी हालनार नाई. मग नटावर नवी खूण करायला खिशातून लाल रंगाची डबी काढली.

दुर्गाबाई खुर्चीचा हात धरून हळूच उठल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जातानी मले मांगं बसू द्या. तोंड इकडे करून."